विक्रेता हा कामगार आहे काय?

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हांला बोलावले तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला. विक्रेत्यांच्या जीवनावर एक इंग्रजी चित्रपट आहे, तो आपण पाहावा आणि त्यावर बोलावे, असे ते म्हणाले. आम्हांला प्रथम संकोच वाटला. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, दोन बैठकांच्या मध्ये, आणि विरार लोकलमध्ये उभ्याने. बोनसचा तंटा, टाळेबंदी, बडतर्फी ही आमची रोजची भाषा. चित्रपटाची चिकित्सा करणे हा आमचा अधिकार नव्हे. परंतु चित्रपट पाहिला आणि संकोच गेला. ज्या प्रश्नाने आम्हांला गेली कित्येक वर्षे छळले आहे तोच प्रश्न त्या पडद्यावर उभा होता. म्हणून चित्रपटापासून आरंभ करू, आणि मग आपल्या गावाकडे येऊ.

एका कचेरीतील रात्र

चित्रपटाचे नाव 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस'. साल १९९२, दिग्दर्शक जेम्स फोली. मूळ नाटक डेव्हिड मॅमेट यांचे. ते १९८३ साली लंडनला रंगभूमीवर आले आणि १९८४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मॅमेट यांनी तरुणपणी शिकागो शहरात जमीनविक्रीच्या कचेरीत नोकरी केली होती. तेव्हा तेथील भाषा त्यांनी कानांनी ऐकलेली आहे.

कथा एवढीच. एका लहानशा कचेरीत चार विक्रेते आहेत. दूरच्या प्रांतातील कवडीमोल जमिनीचे तुकडे गोंडस नावांनी विकायचे, हा त्यांचा धंदा. एके रात्री मुख्य कचेरीतून एक गृहस्थ येतो. अंगात उंची सूट, मनगटावर मोलाचे घड्याळ. तो स्पर्धा जाहीर करतो. जो सर्वांत अधिक विक्री करील त्याला कॅडिलॅक मोटार. दुसऱ्याला जेवणाच्या टेबलावरील सुऱ्यांचा संच. तिसऱ्याला नारळ. चौथ्याविषयी बोलण्याचे कारणच उरत नाही. हा प्रवेश मूळ नाटकात नव्हता, चित्रपटासाठी नव्याने लिहिला. परंतु आज ज्याने ज्याने हा चित्रपट पाहिला आहे त्याला प्रथम आठवतो तो हाच प्रवेश.

यात एक मेख आहे. घेण्यासारख्या गिऱ्हाइकांची नावे आणि पत्ते लिहिलेली कार्डे व्यवस्थापकाच्या ताब्यात कुलूपबंद आहेत. यांना तिकडे 'लीड' म्हणतात. आपल्याकडील विक्रीकचेऱ्यांतही आता हाच शब्द रूढ झाला आहे. ज्याची विक्री चांगली, त्याला चांगले लीड. ज्याची विक्री खालावली, त्याला शिळी, चार वेळा चाळून टाकलेली नावे. म्हणजे जो बुडतो आहे त्याच्याच हातून दोर काढून घ्यावयाचा, आणि मग पोहता येत नाही म्हणून त्याला दोष द्यावयाचा. लेव्हीन नावाचा एक उतारवयाचा विक्रेता आहे. त्याची मुलगी इस्पितळात आहे. ही भूमिका जॅक लेमन या थोर नटाने केली असून तिच्याबद्दल त्याला व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट अभिनयाचे पारितोषिक मिळाले. लेव्हीन व्यवस्थापकाची मनधरणी करतो, लाच देऊ करतो, आवाज चढवतो, पुन्हा गयावया करतो. सकाळी पाहावे तो कचेरी फोडलेली. कार्डे चोरीस गेलेली. चोर कोण, तर हाच म्हातारा.

या चोरीची कल्पना मॉस नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याची. हा मॉस रात्री खाणावळीत बसून जे बोलतो ते ऐकताना आम्ही चमकलो. मालक आपल्याला गुलामासारखे राबवतात, घाम आपला आणि पैसा त्यांचा, याचा जाब कोणीतरी विचारला पाहिजे, असा त्याचा सूर असतो. हे तर आमच्या गेटसभेतील भाषण झाले! वाटले, आता हा म्हणेल की, चला, चौघे मिळून उद्या काम बंद करू. पण नाही. तक्रार रास्त, उपाय मात्र चोरीचा, आणि तीही दुसऱ्याकडून करवून घ्यायची. चौघेही दिवसभर अखंड बोलतात, बोलणे हीच त्यांची भाकरी. परंतु 'आपण चौघे' हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर बसत नाहीत. बसू नयेत अशीच ती स्पर्धा रचलेली आहे.

आणखी एक प्रसंग ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल. अल् पचिनो यांनी रंगवलेला विक्रेता एका भिडस्त माणसाला रात्री गोड बोलून जमीन विकतो. दुसऱ्या दिवशी तो माणूस धावत येतो. बायकोने व्यवहार मोडण्यास सांगितले आहे, आणि कायद्याने त्यासाठी तीन दिवसांची मुदत आहे. विक्रेता ते तीन दिवस कसेबसे उलटावेत म्हणून थापा मारतो. इथे ओरबाडणारा आणि ओरबाडला जाणारा दोघेही नोकरमाणसे आहेत. मालक तर सबंध चित्रपटात एकदाही दिसत नाहीत.

आपला माल आणि परक्याचा माल

आता वसईकडे वळू. विकणे हे काम आपल्या तालुक्याला नवे नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली. त्या लोहमार्गाने आपली केळी, भाजी, फुले आणि विड्याची पाने मुंबईच्या बाजारात गेली. वसईची सुकेळी तर दूरदूरपर्यंत नावाजलेली. अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदरच्या कोळणी टोपली घेऊन दारोदार हिंडल्या. त्यांच्या आवाजात जो ठसका आहे तो कुणी शिकवणी लावून आलेला नव्हे. ती बाई आपल्या घरच्या माणसाने आणलेली मासळी विकते. भाव तिचा, उधारी तिची, नाही म्हणण्याचा अधिकारही तिचा. संध्याकाळी राहिलेला माल ती सुकवील, पण तुम्ही घेतला नाहीत म्हणून तिला कोणी कामावरून काढीत नाही.

फिरता विक्रेता ही निराळी जात आहे. माल त्याचा नव्हे, भाव त्याचा नव्हे, गिऱ्हाईकही त्याचे नव्हे. त्याचे स्वतःचे म्हणजे फक्त पाय आणि जीभ. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याला एक आकडा दिला जातो. त्याला टार्गेट म्हणतात. तो आकडा कोठून आला हे त्याला कोणी सांगत नाही.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. १९९३ साली, युनियनच्या कामात पडण्यापूर्वी, आम्ही स्वतः घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रे हप्त्यांवर विकत होतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. कचेरीच्या भिंतीवर एक फळा होता. त्यावर सर्वांची नावे विक्रीच्या क्रमाने लिहीत. शेवटचे नाव लाल खडूने. एका महिन्याच्या अखेरच्या दिवशी आमचे एक यंत्र कमी पडत होते. पापडीच्या बाजूला एका वाडीत एक आजी एकट्या राहत होत्या. "आमच्या बावीचं पाणी गोड आहे रे बाबा, हे कशाला?" असे त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना काविळीची, विषमज्वराची भीती घातली. तासभर बोललो. त्यांनी अंगठा केला. फळ्यावर आमचे नाव दोन घरे वर गेले. पुढे दिवाळीच्या सुमारास त्या बाजूने जाण्याचा योग आला. यंत्र कोपऱ्यात होते, वर धुतलेले फडके झाकलेले. हप्ते त्या भाजी विकून फेडीत होत्या आणि पाणी बावीचेच पीत होत्या. आम्हांला त्यांनी चहा दिला.

आम्ही वाईट माणूस होतो काय? वाटत नाही. परंतु त्या दिवशी आमच्या मानेवर जे जू होते ते आम्ही उचलून त्या आजींच्या मानेवर ठेवले, हे खरे. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे की, विकणाऱ्यावर टाकलेला दाब विकणाऱ्यापाशी थांबत नाही. तो शेवटी घेणाऱ्याच्या घरात जातो. म्हणून विक्रेत्याच्या नोकरीचा प्रश्न हा केवळ विक्रेत्याचा नव्हे. तो सर्व गावाचा आहे.

व्याख्येबाहेरचा माणूस

आमचे वडील गिरणी कामगार. त्यांना रविवारची सुट्टी होती. ती कोठून आली? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक पुढाऱ्याने मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आज सर्व मुंबई रविवारी उशिरा उठते, तिला या माणसाचे नाव ठाऊक असले पाहिजे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकेक करून थंडावल्या. गिरणगावातील पुष्कळ कुटुंबे स्वस्त जागेच्या शोधात नालासोपाऱ्याला, विरारला आली, आम्हीही त्यांतलेच. बापाच्या हाती साचा होता, मुलाच्या खांद्यावर पिशवी आली. बाप भोंग्याने उठत असे. मुलाला भोंगा नाही, त्यामुळे काम सुटल्याचाही भोंगा नाही. पण यातील सर्वांत मोठा बदल कुणाच्या डोळ्यांना दिसला नाही. बाप कायद्याच्या भाषेत 'कामगार' होता. मुलगा नव्हता.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण याची व्याख्या आहे. अंगमेहनतीचे किंवा कारकुनी काम करणारा तो कामगार. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात तांत्रिक आणि देखरेखीचे काम जोडले गेले. आता औषध कंपनीचा प्रतिनिधी, ज्याला आपण एमआर म्हणतो, तो यांतील कशात बसतो? तो पिशवी उचलतो, पण हमाल नव्हे. रोजचा अहवाल लिहितो, पण कारकून नव्हे. औषधाचे गुणधर्म समजावतो, पण तंत्रज्ञ नव्हे. 'मे अँड बेकर' कंपनीच्या एका प्रतिनिधीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६१ साली निकाल लागला: याचे मुख्य काम मालाला गिऱ्हाईक मिळवण्याचे, लेखनकाम केवळ आनुषंगिक, सबब हा कामगार नव्हे. अर्थ असा की, उद्या सकाळी याला घरी बसवले तर कामगार न्यायालयाचे दार याच्यासाठी उघडे नाही.

अमेरिकेतील मॉसने या स्थितीत चोरीचा मार्ग काढला. आपल्या हिंदी चित्रपटाने दुसरा दाखवला. २००९ साली शिमित अमिन यांचा 'रॉकेट सिंग : सेल्समन ऑफ द इयर' आला. त्यातील तरुण विक्रेता लाच मागणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार करतो, म्हणून कचेरीत त्याच्यावर कागदी विमाने फेकून त्याची टवाळी होते. तो काय करतो? कंपनीच्याच कचेरीत बसून गुपचूप स्वतःची कंपनी काढतो आणि टेलिफोन घेणाऱ्या बाईपासून चहावाल्यापर्यंत सर्वांना तीत भागीदार करून घेतो. चित्रपट गोड आहे. भागीदारीची ती कल्पना तर आम्हांला फार आवडली. पण लाखो विक्रेत्यांनी लाखो दुकाने काढावीत, हे उत्तर होऊ शकत नाही.

तिसरी वाट प्रत्यक्षात एमआर मंडळींनी चोखाळली, आणि तिच्यावर अद्याप कोणी चित्रपट काढलेला नाही. १९६३ साली हैदराबाद येथे त्यांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. विचार करा, हे काम किती अवघड! गिरणीत हजारो माणसे एका दारातून आत जातात. दाराशी एक सभा घेतली की काम झाले. एमआर एकटा हिंडतो. त्याची भेट होते ती दवाखान्याच्या बाकावर, आणि तीही प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाशी. दोघांची औषधे एकाच रोगावरची. दोघे एकाच डॉक्टरसाठी ताटकळत बसलेले. ज्या माणसाला हरवण्यासाठी पगार मिळतो त्याच माणसाशी हातमिळवणी करावयाची. तरी ती झाली. बाकावर बसल्या बसल्या वर्गणी गोळा झाली, एसटी स्टँडवर बैठका झाल्या.

त्यांनी न्यायालयात हरल्यावर संसदेचे दार ठोठावले. राज्यसभेकडे रीतसर विनंतिअर्ज केला: एक तर व्याख्या बदला, नाहीतर आमच्यासाठी वेगळा कायदा करा. राज्यसभेच्या विनंतिअर्ज समितीने १४ मार्च १९७२ रोजी अहवाल दिला आणि केवळ व्याख्या बदलून भागणार नाही, स्वतंत्र कायदा हवा, असे मत दिले. त्यातून विक्री संवर्धन कर्मचारी (सेवाशर्ती) कायदा झाला. त्याला २५ जानेवारी १९७६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ६ मार्चपासून तो अमलात आला. तो काळ आणीबाणीचा. १९७५ च्या सप्टेंबरात वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणलेला होता. कामगारांच्या हातून एकीकडे काढून घेतले जात असताना या मंडळींच्या पदरात हा कायदा पडला, ही इतिहासाची गंमत म्हणावी लागेल. पण ती मेहरबानी नव्हती. तेरा वर्षांच्या चिकाटीचे ते फळ होते.

कायद्याने दिले काय? नेमणुकीचे लेखी पत्र. भरपगारी रजा, कामाच्या मुदतीच्या अकराव्या हिश्श्याइतकी. आजारपणाची अर्धपगारी रजा, अठराव्या हिश्श्याइतकी. बोनस, ग्रॅच्युइटी, प्रसूतिलाभ, अपघाताची भरपाई, आणि औद्योगिक विवाद कायद्याचे संरक्षण. तथापि महिना ७५० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनाच तो लागू होता, आणि उद्योग एकच, औषधांचा. पगाराची ती मर्यादा १९८६ च्या दुरुस्तीने गेली. ती दुरुस्ती ६ मे १९८७ पासून लागू झाली. कामाचे तास मात्र या कायद्याने कधीच बांधले नाहीत. एमआरचा दिवस किती वाजता संपतो, याचे उत्तर शेवटच्या डॉक्टरकडे.

तरीही झगडा संपला नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सँडोझ कंपनीच्या खटल्यात निर्णय दिला की, मूळ व्याख्येप्रमाणे एमआर कामगार नव्हेच. त्याला जे मिळते ते १९७६ च्या कायद्यामुळे. त्यामुळे अनुचित कामगार प्रथांविरुद्ध महाराष्ट्राचा जो १९७१ चा कायदा आहे, त्याचे दार त्याला बंद झाले. ते १९९९ साली आपल्या विधिमंडळाने दुरुस्ती करून पुन्हा उघडले. ३१ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने साबण व प्रसाधने, तयार कपडे, बिस्किटे, शीतपेये, वाहने, संगणक, रंग इत्यादी आणखी दहा उद्योगांतील विक्रेते केंद्राच्या कायद्यात आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९७६ चा कायदा स्वतंत्र कायदा म्हणून संपला. प्रतिनिधींच्या संघटनांनी यास विरोध केला होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येतच विक्री संवर्धन कर्मचाऱ्याचा उल्लेख आहे, ही जमेची बाजू. पण व्याख्येत नाव येणे आणि पोटाला संरक्षण मिळणे यांत किती अंतर असते, ते आमच्यासारख्यांना चांगले ठाऊक आहे.

वाडीच्या जागी गार्डन

२०११ च्या त्या यादीत एका उद्योगाचे नाव नव्हते, आणि आपल्या तालुक्यात तोच उद्योग सर्वांत मोठा. घरांची विक्री!

वसईचा हा बदल इथल्या श्रोत्यांना आम्ही काय सांगावा? हिरव्या पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी करण्याचे धोरण आले तेव्हा, १९८८-८९ च्या सुमारास, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने रस्त्यावर उतरले. १९९० साली सिडकोकडे या भागाचे नियोजन गेले; ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. केळीच्या वाड्या तुटल्या आणि त्या जागी उठलेल्या इमारतींना बाग, वन, हिल, व्ह्यू अशी नावे मिळाली. ग्लेनगॅरीच्या पडीक जमिनीला स्कॉटलंडच्या दरीचे नाव देणारा आणि तोडलेल्या वाडीला गार्डन म्हणणारा, दोघे एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

ही घरे विकतो कोण? स्टेशनच्या पुलाखाली रंगीत कागद वाटणारा, दिवसाला शेकडो फोन करणारा, रविवारी गाडीतून कुटुंबांना 'साइट व्हिजिट'ला नेणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार हाच त्याच्या कामाचा मुख्य दिवस. पगार तुटपुंजा, बाकी बुकिंगवर. नेमणुकीचे पत्र बहुधा नाहीच.

काही वर्षांपूर्वी असा एक मुलगा आमच्या कचेरीत आला. बिल्डरचे नाव त्याने सांगितले होते. आम्ही ते येथे घेत नाही. महिनाअखेरीस त्याच्या दोन बुकिंग कमी होत्या. फळ्याऐवजी आता मोबाइलवर यादी येते, एवढाच फरक. शेवटचे नाव लालच असते. साहेब म्हणाला, बाहेरचे मिळत नसतील तर घरचे आण. याने आपल्या सख्ख्या मामाला आणले. मामाने गावची जमीन विकून पैसे भरले. पुढे इमारतीला नोटीस आली; परवानगीचे कागद बनावट निघाले. पोराला यातील काही ठाऊक नव्हते. त्याला नारळ मिळाला, आईचे माहेर तुटले. तो आमच्यापुढे बसून म्हणाला, "काका, मला भरपाई नको. मला एवढंच सांगा, मी कामगार आहे का? का मीसुद्धा त्यांच्यातलाच?"

आम्ही त्याला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. हातात पत्र नाही, हजेरी नाही, पगाराची पावती नाही. खटला कशाच्या जोरावर उभा करावा? तो उठून गेला. त्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

नालासोपाऱ्यातील ४१ अनधिकृत इमारतींचे प्रकरण तर सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर त्या उठल्या होत्या. २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम केला आणि २०२५ च्या आरंभी पाडकाम पुरे झाले. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. चर्चा झाली ती जागेची, अधिकाऱ्यांची, पुढाऱ्यांची. ती व्हावयासच हवी होती. पण एकेका कुटुंबाला कोणीतरी समोर बसवून, चहा पाजून, ते घर विकले असणार. त्या विकणाऱ्याच्या मानेवर त्या दिवशी काय होते, हे कोणी विचारले नाही.

घेणाऱ्याचा कायदा, विकणाऱ्याचा कायदा

घेणाऱ्यासाठी कायदे झाले, नाही असे नाही. १९६३ च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने करार नोंदवण्याआधी २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी केली. २०१६ च्या रेरा कायद्याने ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले आणि दलालालाही नोंदणी सक्तीची झाली. २०२३ पासून दलालाला प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. उत्तम झाले. पण त्या चित्रपटातील तीन दिवसांची मुदत आठवा. कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने होता. तरी उपाशी विक्रेता तो मोडण्यासाठी जिवाचे रान करीत होता. घेणाऱ्याला दिलेले संरक्षण टिकवावयाचे असेल, तर विकणाऱ्याला खोटे बोलण्यास नकार देण्याची ऐपत दिली पाहिजे. नोकरीची शाश्वती असलेला माणूसच 'हे घर घेऊ नका' असे म्हणू शकतो.

कोणी विचारील, संघटना झाली म्हणजे विक्रेता प्रामाणिक होतो काय? आम्ही भाबडे नाही. चुका करणारी माणसे आमच्या चळवळीतही आहेत. पण एक उदाहरण सांगतो. औषध कंपन्या डॉक्टरांना भेटी देतात, सहली घडवतात, आणि त्याचा खर्च शेवटी रोग्याच्या बिलात येतो. हे थांबावे म्हणून केंद्र सरकारने जी आचारसंहिता केली होती ती केवळ ऐच्छिक. तिला कायद्याचे बळ द्यावे, अशी मागणी घेऊन सर्वोच्च न्यायालयात कोण गेले? एमआर मंडळींचा हाच महासंघ. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्या याचिकेच्या सुनावणीची बातमी देशभर गाजली. १२ मार्च २०२४ रोजी सरकारने नवी आचारसंहिता जाहीर केली. ती पुरेशी कडक आहे की नाही यावर वाद आहे. पण पाहण्यासारखी गोष्ट ही की, ज्यांच्या हातून त्या भेटी पोहोचवल्या जात होत्या त्यांनीच न्यायालयात उभे राहून सांगितले की, हे बंद करा. एकट्या एमआरने असे म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली असती. संघटनेच्या तोंडून तो ते म्हणू शकला. 'आम्ही' या शब्दाची किंमत एवढी आहे. आम्ही स्वतःविषयी बोलतानाही हा शब्द वापरतो, तो मोठेपणा म्हणून नव्हे. इतकी वर्षे बैठकांत बसून जिभेला तीच सवय लागली आहे.

तेव्हा विक्रेता हा कामगार आहे काय? १९६१ साली न्यायालयाने नाही म्हटले, १९७६ साली संसदेने अंशतः होय म्हटले, आणि आता व्याख्येने होय म्हटले आहे. उरले आहे ते गावाने होय म्हणणे. आपल्याकडे दार वाजवणाऱ्या पोराला आपण 'नको' म्हणून दार लावतो. त्याचा आपल्याला अधिकार आहे. पण पुढल्या रविवारी विरार स्टेशनच्या पुलाखाली रंगीत कागद घेऊन कोणी पुढे आला तर दोन प्रश्न विचारा. पहिला आपल्यासाठी: इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक काय? दुसरा त्याच्यासाठी: बाळ, तुला नेमणुकीचे पत्र मिळाले आहे का? पहिल्याचे उत्तर तो पाठ करून आलेला असेल. दुसऱ्याला तो थबकेल. थबकला तर त्याला आमच्या कचेरीचा पत्ता द्या. ती रविवारीही उघडी असते.